राजाश्रय की हक्क? : बडोद्याच्या गायनशाळेच्या निमित्ताने

कलेला शासनाने साहाय्य का करावे, या प्रश्नाला आपल्याकडे हमखास राजाश्रयाचा दाखला देऊन उत्तर दिले जाते. संस्थानिकांनी कलावंत सांभाळले, आता ते काम शासनाने करावे, असा हा युक्तिवाद. त्यामागील हेतू चांगला असला तरी युक्तिवाद अपुरा आहे. बडोद्याचे उदाहरण तपासले म्हणजे त्यातील उणीव लक्षात येते.

तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत तेथे संगीताला दोन वाटांनी साहाय्य मिळाले. दरबारचे कलावंत खाते गायक-वादकांना पगार देई आणि नियमांनी बांधूनही ठेवी. उस्ताद फैयाज खाँ हे याच दरबारचे गायक. दुसरी वाट गायनशाळेची. ती १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झाली. घराण्यात गुरुमुखातून मिळणारी विद्या त्यांनी स्वरलेखन करून पाठ्यपुस्तकांत आणली. त्यामुळे गवयाच्या घरी न जन्मलेल्या मुलांनाही ती शिकता येऊ लागली.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. दरबार संपला आणि त्याचा आश्रयही संपला. गायनशाळेची परंपरा मात्र त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुढे चालू राहिली. गायनशाळाही महाराजांच्याच इच्छेने निघाली होती, हे खरे. पण तेथे शिकणारा विद्यार्थी कोणाचा आश्रित नव्हता. आश्रय मर्जीवर अवलंबून असतो, सार्वजनिक संस्थेवर मात्र समाज दावा सांगू शकतो.

या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या घडणीत भारताचे प्रतिनिधित्व केले होते, ही बाब येथे अर्थपूर्ण ठरते. जाहीरनाम्याच्या २७ व्या कलमाने सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा आणि कलांचा आस्वाद घेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. म्हणजे या हक्काचा धनी केवळ कलावंत नाही. शिकणारा आणि ऐकणाराही आहे. आपल्या राज्यघटनेचे २९ वे कलम संस्कृती जतन करण्याचा हक्क देते. परंतु जतन करणे आणि सर्वांपर्यंत पोहोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शासकीय साहाय्याची चर्चा पुरस्कार आणि मानधन यांपाशीच थांबते, ती याच गफलतीमुळे. वृद्ध कलावंताचे मानधन आवश्यकच आहे. पण सन्मान निवडकांचा असतो, हक्क सर्वांचा. ज्या महाविद्यालयात तबल्याची जोडी नाही आणि तो शिकवणारा शिक्षकही नाही, तेथील विद्यार्थ्याचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून कलाशिक्षणासाठी अनुदान मागताना शिक्षकांनी उपकाराची भाषा सोडून हक्काची भाषा वापरणे अगत्याचे आहे.