नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

भीती वाटते म्हणून आपण पळतो, असं आपण धरून चालतो. विल्यम जेम्सने १८८४ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकातल्या लेखात हा क्रमच उलटा केला. अस्वल दिसलं की आधी शरीर हलतं. त्या हालचालीची जाणीव म्हणजेच भीती. डेन्मार्कच्या कार्ल लांगेनेही पुढच्याच वर्षी जवळपास हेच मांडलं. जेम्स पंडिती थाटात लिहीत नाही, म्हणून वाचायला गोडी वाटते. पटतं मात्र अर्धंच.

वॉल्टर कॅननने १९२७ मध्ये नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. छाती रागात धडधडते, भीतीत धडधडते, तापातही धडधडते. मग हा राग आणि ही भीती, हे कळावं कशावरून? पन्नाशीच्या बाईला हे कॅननने सांगायला नको. पाळी जाण्याच्या दिवसांत पोळ्या लाटता लाटता कानशिलं तापतात, घाम फुटतो, काळीज धडधडतं. मनात राग म्हणाल तर तेव्हा औषधालाही नसतो.

१९६२ मध्ये शॅक्टर आणि सिंगर यांनी काही तरुण विद्यार्थ्यांना जीवनसत्त्व म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं. काय होणार हे काहींना आधी सांगितलं, काहींना नाही. मग शेजारी एक सोंग घेतलेला माणूस बसवला. कुठे हुंदडणारा, कुठे चिडलेला. त्यांचं म्हणणं असं की, शरीर उसळतं आणि त्याला नाव मिळतं प्रसंगावरून. पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा निकाल इतका स्वच्छ आला नाही, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे.

पण मला या प्रयोगातली महत्त्वाची वाटतात ती आधी सांगितलेली मुलं. शेजाऱ्याच्या सोंगाची लागण त्यांना कमी झाली. आपल्या घरातली बाई बहुधा न सांगितलेल्यांत असते. “चिडलीस का गं?” असं दोनदा विचारलं की ती खरंच चिडते. नाव घरानं ठेवलेलं, आणि मग नावंही तिलाच!

सांगून टाकलं की प्रश्न मिटला, असंही नाही. एकदा कळलं की तिचा खरा रागसुद्धा “वयाचं आहे” म्हणून बाजूला सारला जातो. इथे मला रिचर्ड लाझारस जवळचा वाटतो. समोर घडतंय त्याचा माझ्या भल्याबुऱ्याशी काय संबंध, या अंदाजातून भावना उठते, असं तो म्हणतो. म्हणजे धडधड कुठून आली हे विचारावंच. पण कुठली गोष्ट लागली, हेही विचारावं. आणि उत्तर द्यायचा पहिला हक्क जिची छाती धडधडतेय तिचा.