लॉस एंजेलिसची भिंतीवरील बखर

अर्ध्या शतकापूर्वीं रंगविलेली भिंत इतिहासाचें साधन मानावी काय, असा प्रश्न एका अमेरिकन चित्रकृतीनें उपस्थित केला आहे. जुडिथ बाका ही मेक्सिकन वंशाची अमेरिकन, म्हणजे तिकडील भाषेंत चिकाना, चित्रकर्त्री. तिची ‘लॉस एंजेलिसची महाभिंत’ त्या शहरांतील टुहुंगा ओढ्याच्या काँक्रीटनें बांधलेल्या कांठावर आहे. लांबी सुमारें अर्धा मैल, उंची १३ फूट.

हें काम १९७६ ते १९८३ या काळांत पांच उन्हाळ्यांत झालें. चारशेंवर तरुण हाताखालीं होते. पैकीं कित्येकांवर बालन्यायालयाची नजर होती. इतिहासज्ञांस विचारून व वृद्धांच्या हकीकती ऐकून रेखाटनें तयार झालीं. १८७१ मधील चिनी लोकांचें हत्याकांड, १९३० नंतरच्या मंदींतील मेक्सिकन वंशीयांची हद्दपारी, १९४२ मधील जपानी वंशीयांचा बंदिवास, असे प्रसंग येथें ओळीनें येतात.

परंतु परीक्षण हवेंच. चावेझ रॅव्हीनच्या चित्रांत महामार्ग सर्पासारखा कुटुंबांची ताटातूट करितो व बेसबॉलचें क्रीडांगण उडत्या तबकडीप्रमाणें वरून उतरतें. पाहणारास वाटेल कीं, वस्ती क्रीडांगणासाठींच उठविली. वस्तुतः १९५० च्या नोटिसा सरकारी घरांच्या योजनेसाठीं होत्या. ती योजना बारगळली, शेवटचीं कुटुंबें १९५९ मध्यें बाहेर काढलीं गेलीं आणि क्रीडांगण १९६२ मध्यें उघडलें. दोन घटनांची येथें एक झाली आहे.

हा दोष आपल्या बखरींच्या वाचकास परिचित आहे. सनावळीसाठीं बखरीवर विसंबूं नये. मात्र घटना लोकांच्या स्मरणांत कशी राहिली, हें तीच सांगते. तसेंच ही भिंत १८७१ ची साक्षीदार नव्हे. तिच्या कर्त्यांच्या काळची मात्र ती अस्सल साक्षीदार होय.

अशी साक्ष पुसलीहि जाते. याच शहरांत सिकेरोस या मेक्सिकन चित्रकारानें १९३२ मध्यें काढलेलें भित्तिचित्र लवकरच पांढऱ्या रंगाखालीं गेलें. लोकांस तें पुन्हां २०१२ मध्यें पाहावयास मिळालें. बाकाची भिंत २०११ मध्यें दुरुस्त झाली व २०१७ मध्यें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत आली. तिचीं रेखाटनें व कागद २०२१ मध्यें लॉस एंजेलिसच्या लुकस संग्रहालयानें घेतले. वृद्धांच्या तोंडचें किती व चित्रकर्त्रीच्या कल्पनेंतलें किती, याचा निवाडा त्या दप्तरावरूनच व्हावयाचा. म्हणून भिंतीइतकीच त्याचीहि निगा राखली जावी.