वळण कीर्तनाचं, ठेका ढोलकीचा

सोलापूरच्या शाहीर रामजोशींचं नाव निघालं की अनेकांना आधी 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’ आठवतो. चित्रपट झकासच, पण त्याच्या झगमगाटात रामजोशींची वैराग्यपर लावणी कानाआड होते.

पुराण-कीर्तनाच्या घरातला हा मुलगा तमाशाच्या फडात रमला, म्हणून थोरल्या भावाने, मुद्गल जोशींनी, त्याला घराबाहेर काढलं. पंढरपुरात शिकून पंडित झाला, तरी लावणी सुटली नाही. पुढे बारामतीच्या मोरोपंतांमुळे तो कीर्तनाकडे वळला, असं परंपरा सांगते. पंतांच्या आर्या त्याच्या कीर्तनांतून लोकांच्या तोंडी बसल्या. म्हणजे हाकललेला मुलगा घरच्याच धंद्यावर परतला. पण येताना काय घेऊन आला?

नरजन्माचं सार्थक कशात, हे सांगणारी त्याची लावणी ऐका. जटा, मठ, रंगवलेली वस्त्रं, साधूपणाचा सारा थाट यांवर तो तुटून पडतो, आणि ‘ट’, ‘ठ’ असे एकावर एक आदळतात की पखवाज नव्हे, ढोलकीच कडाडते. लांब ओळ दम न घेता धावते आणि मागून येणारी आखूड ओळ तिला खटकन अडवते. गळ्यातल्या तुळशीला तो सरळ लाकूड म्हणतो आणि यमकाला माकड आणून बसवतो! ही जीभ सवाल-जवाबात समोरच्याची फजिती करून तयार झालेली.

मला सगळ्यात आवडते ती या लावणीतली मधली जागा. वन, जन, मन. दर वेळी एकच अक्षर बदलतं आणि ऐकणारा रानातून माणसांत, माणसांतून स्वतःच्या आत येऊन पोचतो. तिथे आवाजही जरा उतरतो, निदान माझ्या कानात तरी.

‘मी चुकलो’ असं तो कुठेच म्हणत नाही. बोलणं सगळं ‘तू’ला उद्देशून. पण रंगवलेल्या वस्त्रांची इतकी बारीक पारख ज्याने रात्र-रात्र फड गाजवला त्यालाच असणार. तेव्हा हा ‘तू’ मला परका वाटत नाही. शृंगाराच्या लावण्यांत सुंदरीचं रूप दागिन्यागणिक उलगडणारी नजरच इथे ढोंगाचा एकेक दागिना उतरवते. नजर तीच, कारागिरीही तीच.

कीर्तनाला बसलेल्या एखाद्या सोवळ्या श्रोत्याचा पाय तेव्हा नकळत ठेका धरत असेल, आणि रामजोशींना तो दिसतही असेल.