सरदार सरोवरचे कर्ज आणि मोर्स अहवालाच्या मर्यादा

आंतरराष्ट्रीय विकास कर्जांच्या नैतिकतेची चर्चा मोर्स अहवालाला (१९९२) वगळून करता येत नाही. जागतिक बँकेने सरदार सरोवर प्रकल्पासाठी १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची सशर्त मान्यता मात्र १९८७ मध्ये मिळाली. हा क्रमच पुरेसा बोलका आहे. नर्मदा बचाव आंदोलनाच्या रेट्यामुळे पुढे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली.

अहवालाचे खरे सामर्थ्य 'प्रकल्पग्रस्त' या संज्ञेच्या चिकित्सेत आहे. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये जमिनीच्या बदल्यात जमीन देऊ केली, ती खातेदारांना. महाराष्ट्रातील ३३ बाधित गावे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील. तेथील पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्या आदिवासींपाशी सातबारा नव्हता. सरकारदरबारी ते अतिक्रमणदार ठरले. कालव्यांमुळे जमीन गमावणाऱ्यांनाही विस्थापितांचे हक्क नव्हते. ज्यांची गणतीच नाही त्यांचे नुकसान प्रकल्पखर्चात कसे धरले जाणार? लाभ-व्यय विश्लेषणाच्या विश्वासार्हतेवरच येथे प्रश्नचिन्ह उभे राहते.

तथापि समितीची कार्यकक्षा पुनर्वसन व पर्यावरण एवढीच होती. परिणामी आर्थिक जोखीम कोणाची, हा कळीचा प्रश्न अनुत्तरित राहिला. बँकेच्या कर्जाची परतफेड सरकारी तिजोरीतून होते, प्रकल्प यशस्वी होवो वा न होवो; चुकीच्या मूल्यमापनाची झळ धनकोला लागत नाही. मार्च १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले आणि बँक मोकळी झाली. उचललेल्या रकमेची परतफेड अर्थातच चुकली नाही. बांधकामही थांबले नाही. त्याच वर्षी सरदार सरोवर नर्मदा निगमने ३,६०० रुपयांच्या रोख्यावर सुमारे २० वर्षांनी १,११,००० रुपये देण्याचे आश्वासन देऊन भांडवल उभारले. हे ओझे इतके झाले, की मुदतपूर्व परतफेडीसाठी गुजरातला २००८ मध्ये खास कायदा करावा लागला. कच्छ-सौराष्ट्राला मिळालेले पाणी नाकारण्याचे कारण नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे त्या पाण्याने ठरत नाही.

बँकेने १९९३ मध्ये तक्रारींसाठी तपासणी मंडळ स्थापले, परंतु भरपाई देवविण्याचा अधिकार त्याला नाही. पुढे मुंद्रा वीजप्रकल्पाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बँकसमूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे सरसकट कायदेशीर संरक्षण अमान्य केले. मच्छीमारांचा तो दावा नंतर कनिष्ठ न्यायालयांत टिकला नाही.