अस्थिसंधान आणि ध्वनीची साक्ष

मोडलेले हाड जुळले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. क्ष-किरणचित्रात नवी अस्थिऊती दिसते ती तीत खनिज साचल्यानंतरच. आणि तिच्यात भार पेलण्याचे बळ किती आले, हे ते चित्र सांगत नाही. ही उणीव ध्वनीने भरून काढण्याची कल्पना जुनी आहे. १८२३ साली लिस्फ्रांक ह्याने अस्थिभंगाच्या निदानासाठी स्टेथॉस्कोप सुचविला. १९३२ मध्ये लिपमन ह्याने हाडावर हलका आघात करून त्याचा नाद दुसरीकडे ऐकण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. १९५८ मध्ये सीगल, अनास्ट व फील्ड्स ह्यांनी भंगस्थानातून जाणाऱ्या ध्वनीच्या वेगावरून अस्थिसंधान ठरविण्याचा मार्ग मांडला. कानाची जागा आकड्याने घेतली.

आकडा आला म्हणजे निश्चिती आली, असे मात्र नव्हे. हाडाच्या कठीण भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे ४,००० मीटर वेगाने जातो. मांस व रक्त ह्यांतून सुमारे १,५०० मीटर वेगाने. ५० मिलिमीटर लांबीच्या अखंड हाडातून जाण्यास त्याला १२.५ मायक्रोसेकंद लागतात. त्याच लांबीत ५ मिलिमीटरांची रक्ताने भरलेली फट असेल, तर हा काळ सुमारे १४.६ मायक्रोसेकंद होतो. सारा निर्णय ह्या दोन मायक्रोसेकंदांवर उभा आहे. परंतु वरच्या मांसातील सूज ध्वनीच्या मार्गात एकूण ३ मिलिमीटरांनी ओसरली, तरी तेवढाच काळ वाचतो. म्हणजे उतरलेली सूज हीच जुळलेले हाड म्हणून नोंदली जाण्याचा धोका उघड आहे. हाडात धातूची सळई बसविलेली असल्यास ध्वनीला फट टाळणारी दुसरी वाटही मिळते.

आघाताच्या नादावर आधारलेल्या पद्धतीचा दोष निराळा आहे. नादाची कंपनसंख्या हाडाच्या ताठरपणावर अवलंबून असते. ताठरपणा आधी परत येतो आणि बळ त्याच्या मागून येते. नाद पूर्ववत झाला म्हणून रुग्णास पायावर भार देण्याची अनुज्ञा देणे, हे पुन्हा हाड मोडण्यास निमंत्रण ठरेल.

तथापि ही पद्धती त्याज्य ठरत नाही. तीत किरणांचा अपाय नसल्यामुळे मापन वारंवार करता येते. त्याच रुग्णाचा धडधाकट अवयव हे प्रमाण मानावे, मापनाच्या जागा कायम ठेवाव्यात आणि मांसाची जाडी प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे मोजावी. असे केल्यास आठवड्यांमागून आठवडे न बदलणारा आकडा हाड जुळत नसल्याची सूचना देऊ शकेल. ध्वनीची साक्ष घ्यावी. परंतु केवळ तिच्यावर निकाल देऊ नये.