चाललेला, गाजलेला, नावाजलेला : मराठी चित्रपटांच्या अतिमूल्यांकनाचा एक विचार

गोषवारा : एखादा लोकप्रिय चित्रपट 'वाजवीपेक्षा जास्त डोक्यावर घेतला गेला' असा आक्षेप वारंवार घेतला जातो. प्रस्तुत लेखात या आक्षेपाचे स्वरूप 'श्यामची आई' (१९५३), 'माहेरची साडी' (१९९१), 'श्वास' (२००४) आणि 'सैराट' (२०१६) या चार मराठी चित्रपटांच्या आधारे तपासले आहे. ज्या चित्रपटाचे एका अंगाने अतिमूल्यांकन होते, त्याचेच दुसऱ्या अंगाने अल्पमूल्यांकन झालेले असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : अतिमूल्यांकन, लोकप्रियता, अभिरुची, मराठी चित्रपट, चित्रपटसमीक्षा.

प्रस्तावना

चित्रपटाविषयी मत नसलेला माणूस आपल्याकडे विरळा. कवितेवर बोलताना जो संकोच करतो, तोही चित्रपटावर निःशंकपणे निकाल देतो. अलीकडे या निकालात 'ओव्हररेटेड' हा इंग्रजी शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी सर्रास ऐकू येतो आणि अध्यापक कक्षातील गप्पांतही तो रुळला आहे. हा शब्द उच्चारला की चर्चा संपते, ही त्यातील खरी अडचण होय. चित्रपट वाईट आहे असे म्हणणाऱ्याला तो का वाईट हे सांगावे लागते. तो अवास्तव गाजला आहे असे म्हणणारा मात्र चित्रपटाविषयी काहीच न सांगता तो आवडणाऱ्या लाखो प्रेक्षकांविषयी निकाल देऊन मोकळा होतो. म्हणून हा आक्षेप नेमका कशावर आहे, चित्रपटावर, त्याच्या प्रसिद्धीवर की त्याच्या प्रेक्षकांवर, हे तपासणे आवश्यक ठरते.

संज्ञाविचार

या तपासणीसाठी लागणारे शब्द मराठी बोलीत आधीपासूनच आहेत. चित्रपट 'चालतो', चित्रपट 'गाजतो' आणि चित्रपट 'नावाजला जातो'. ही तीन क्रियापदे आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण त्यांचे अर्थ भिन्न आहेत. चालणे हा तिकीटबारीचा व्यवहार आहे. गाजणे हा चर्चेचा, गाण्यांचा, लग्नाच्या वरातींचा आणि वादांचा विषय आहे. नावाजणे हे परीक्षक, समीक्षक आणि पुरस्कार यांचे काम आहे. या तिन्हींहून वेगळी अशी चौथी गोष्ट म्हणजे चित्रपटाची प्रत्यक्ष गुणवत्ता. पहिल्या तिघींपैकी एकीच्या पुराव्यावर जेव्हा चौथी सिद्ध झाली असे मानले जाते, तेव्हा अतिमूल्यांकन घडते. 'इतके कोटी मिळवले म्हणजे थोर', 'सुवर्णकमळ मिळाले म्हणजे थोर', 'आमच्या आजीपासून सगळे रडले म्हणजे थोर' ही त्याची परिचित रूपे होत.

मूल्यांकन काळानुसार बदलते, ही बाबही लक्षात घ्यावी लागते. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या समीक्षक-मतदानात १९६२ पासून २००२ पर्यंत 'सिटिझन केन' अग्रस्थानी होता. २०१२ मध्ये त्याची जागा हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने घेतली. १९५८ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याच 'व्हर्टिगो'चे स्वागत फारसे उत्साहाने झाले नव्हते. चित्रपट तोच राहिला, पाहणाऱ्यांचे निकष बदलले. म्हणजे 'वाजवीपेक्षा जास्त' यातील 'वाजवी' हीच मुळात स्थिर गोष्ट नव्हे.

'श्यामची आई' : भक्तीने झाकलेले कर्ज

रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकांस हे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. साने गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातील पालगडचा. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले आणि तीन वर्षांतच आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणला. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम असलेल्या या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पुढे या चित्रपटाभोवती पावित्र्याचे असे वलय उभे राहिले की त्याची चिकित्सा करणे म्हणजे मातृत्वाचाच अवमान करणे, असे वाटू लागले. परिणामी आजचा तरुण प्रेक्षक त्याला 'रडका' आणि 'उपदेशपर' ठरवून बाजूला सारतो.

या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. प्रसंगामागून प्रसंग आणि प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी संस्कार, अशी ही रचना चित्रपटाच्या माध्यमात शिथिल वाटते. तथापि या भक्तीमुळे आणि तिच्या प्रतिक्रियेमुळे एक गोष्ट दोन्ही बाजूंनी दुर्लक्षित राहिली. ही कथा एका ढासळत्या खोत घराण्याची आहे. वडिलांचे कर्ज, सावकाराच्या माणसाचा दारातील तगादा, घरावर येणारी जप्ती आणि या साऱ्यात क्षीण होत जाणारी गृहिणी हा तिचा कणा आहे. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर अवघ्या चार वर्षांनी आलेल्या या चित्रपटाकडे कोकणच्या आर्थिक इतिहासाचा दस्तऐवज म्हणून आपण क्वचितच पाहिले. आईच्या डोळ्यांतील पाणी सर्वांनी पाहिले. ते कोणत्या हिशेबाच्या वहीतून आले, हा प्रश्न मात्र मागे पडला. संस्कारकथा म्हणून ज्याचे अतिमूल्यांकन झाले, त्याच चित्रपटाचे समाजचित्र म्हणून अल्पमूल्यांकन झाले. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी हीच कथा पुन्हा कृष्णधवल रूपात आणली आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ती सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरली. यावरून या कथेचे नावाजलेपण टिकून असल्याचे दिसते. तिच्या नव्या वाचनाची गरजही तितकीच टिकून आहे.

'श्वास' : सन्मानाच्या ओझ्याखाली

'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान पुन्हा मराठीकडे येण्यास अर्धशतक लागले. संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास'ला तो मिळाला, बालकलाकार अश्विन चितळे यालाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून चित्रपट ऑस्करसाठी गेला. तेथील प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रातून लोकवर्गणी जमली. अंतिम पाच नामांकनांत त्याला स्थान मिळाले नाही. या साऱ्या घडामोडीत एका लहान, संयत चित्रपटावर संपूर्ण मराठी अस्मितेचा भार येऊन पडला. 'यात ऑस्करसारखे काय होते?' हा नंतर विचारला गेलेला प्रश्न वस्तुतः चित्रपटाला उद्देशून नव्हताच. आपणच त्यावर लादलेल्या अपेक्षेला उद्देशून होता.

'श्वास'च्या मर्यादा स्पष्ट आहेत. त्याची दृश्यभाषा साधी आहे, काही प्रसंग भावनेला अधिक ताणतात आणि रुग्णालयातील संवाद कधीकधी समजावून सांगण्याच्या सुरात जातात. परंतु कोकणातील खेड्यातून आजोबा नातवाला शहरात घेऊन येतात, डोळ्याच्या कर्करोगाचे निदान होते, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार हे कळते आणि मग मुलाला हे सत्य कोणी व कसे सांगायचे हा पेच उभा राहतो, हा या चित्रपटाचा गाभा आहे. रुग्णाच्या संमतीचा इतका गंभीर विचार करणारे मराठी चित्रपट मोजकेच आहेत. गंभीर आजारासाठी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागणे हा आपल्या भागातील कुटुंबांचा जुना अनुभव आहे. मोठ्या रुग्णालयाच्या मार्गिकेत कागद हातात धरून उभा असलेला, डॉक्टरांची भाषा न कळणारा आणि तरीही प्रश्न विचारण्याचे न सोडणारा अरुण नलावडे यांचा आजोबा आपण ओळखतो. शस्त्रक्रियेपूर्वी नातवाला जग डोळे भरून दाखवण्यासाठी त्याला घेऊन निघून जाणे हा त्या म्हाताऱ्याचा व्यवस्थेला न विचारता घेतलेला एकमेव निर्णय आहे. पुरस्कारांची चर्चा करताना आपण हा निर्णय विसरलो.

'सैराट' : अर्धाच पाहिलेला चित्रपट

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट अशी त्याची नोंद झाली. रिंकू राजगुरू हिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. अजय-अतुल यांच्या संगीताने वराती आणि गणेशोत्सव व्यापले. तो एकाच वेळी चालला, गाजला आणि नावाजला गेला. साहजिकच अतिमूल्यांकनाचा आरोपही त्याच्यावर सर्वाधिक झाला. लांबी जास्त आहे, पूर्वार्ध नेहमीच्या प्रेमकथेसारखा आहे, त्याच दिग्दर्शकाचा 'फँड्री' (२०१३) अधिक धारदार होता, हे आक्षेप विचारार्ह आहेत. 'फँड्री' अधिक एकसंध आहे, हे प्रस्तुत लेखकासही मान्य आहे.

मात्र या आक्षेपांचे काही धागे वेगळे करून पाहावे लागतात. 'त्या भाषेत, त्या मुलामुलींत काय एवढे?' हा स्वरही त्या काळात ऐकू आला. तो समीक्षेचा स्वर नव्हे. करमाळा परिसराची बोली, सावळी नायिका आणि ट्रॅक्टर चालवणारी मुलगी पडद्याच्या मध्यभागी आली, याची अस्वस्थता 'ओव्हररेटेड' या सभ्य शब्दाआड लपू शकते. आक्षेप घेणाऱ्याने आपला आक्षेप कोठून येतो हे स्वतःशी तपासण्याची जबाबदारी टाळू नये.

दुसऱ्या बाजूने, चित्रपट डोक्यावर घेणाऱ्यांनीही तो पूर्ण पाहिला असे दिसत नाही. 'झिंगाट'वर नाचणाऱ्या वरातीत किती जणांना शेवटच्या दृश्यातील रक्ताने माखलेली बालपावले आठवत असतील? त्याहूनही दुर्लक्षित राहिला तो हैदराबादचा भाग. पळून गेलेल्या जोडप्याची झोपडी, पाटलाच्या मुलीला प्रथमच करावे लागणारे श्रम आणि मुख्य म्हणजे परश्याचा संशय. जातीच्या उतरंडीत ज्याच्यावर अन्याय होतो, तोच प्रियकर पुरुष म्हणून आर्चीवर हात उगारतो. प्रेक्षकाच्या लाडक्या नायकाला दिग्दर्शक येथे मोकळे सोडत नाही. गाण्यांच्या गजरात ही कठोर बाजू ऐकूच आली नाही.

चित्रपटाची गुणवत्ता नेमकी कशात आहे हे ठरवण्यास त्याचे रूपांतर उपयोगी पडते. २०१८ च्या 'धडक' या हिंदी रूपांतराने गाणी आणि पलायन घेतले, कथा राजस्थानात नेली, पण जातीचा व्यवहार सौम्य केला. प्रसंग बव्हंशी तेच असूनही परिणाम उणावला. म्हणजेच 'सैराट'चे बळ कथानकात नसून भूगोल, बोली आणि जात यांच्या नेमकेपणात होते, हे या वजाबाकीतून स्पष्ट होते.

'माहेरची साडी' : उलट दिशेचे उदाहरण

आतापर्यंतची उदाहरणे पुरस्कारप्राप्त चित्रपटांची झाली. विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' मात्र अफाट चालला, गाजला, पण सुशिक्षित वर्गाने त्याला कधीच नावाजले नाही. अलका कुबल यांनी साकारलेली सोशिक सून आणि तिचा छळ करणारी सासू हे विनोदाचे हुकमी विषय झाले. येथे एक कबुली देणे उचित होईल. प्रस्तुत लेखकाने हा चित्रपट प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी कित्येक वर्षे वर्गात त्याचा उल्लेख उपहासाने केला होता. एकदा तासानंतर एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, "सर, आपण पाहिला आहे का? माझी आई त्यात स्वतःसाठी रडली होती." त्या प्रश्नाला तेव्हा उत्तर देता आले नाही.

पुढे चित्रपट पाहिल्यानंतरही तो कलादृष्ट्या भडक आहे, हे मत बदलले नाही. सोसणे हाच स्त्रीचा मोठेपणा, हा त्याचा संदेश आजही घातक वाटतो. परंतु एक नवी गोष्ट ध्यानात आली. 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी चित्रपटावरून मराठीत आणि मराठीनंतर 'साजन का घर' या नावाने हिंदीत गेलेली ही कथा तीन भाषांत फिरली, कारण सासरच्या घरातील ज्या दुःखाला बोलण्याची जागा नव्हती, त्याला चित्रपटगृहाच्या अंधारात रडण्याची जागा मिळाली. चित्रपटाचे उत्तर चुकीचे होते. पण प्रेक्षक स्त्रियांचे दुःख खरे होते. उपहास करताना आपण पहिल्याबरोबर दुसरेही फेटाळले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी लक्षात येतात.

१) अतिमूल्यांकनाचा आक्षेप बहुधा चित्रपटावर नसून चालणे, गाजणे वा नावाजणे यांतील एकाला गुणवत्तेचा पुरावा मानण्यावर असतो. तो तसा स्पष्ट शब्दांत मांडला गेला पाहिजे.

२) ज्या गुणासाठी चित्रपट डोक्यावर घेतला जातो, तो बहुतेकदा त्यातील सर्वांत मोलाचा गुण नसतो. 'श्यामची आई'तील कर्ज, 'श्वास'मधील संमतीचा पेच आणि 'सैराट'मधील संशयी नायक ही याची उदाहरणे होत.

३) आक्षेपाचा रोख प्रेक्षकांच्या जातीवर, वर्गावर, बोलीवर किंवा लिंगावर असेल, तर ती समीक्षा राहत नाही.

अध्यापकाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. विद्यार्थ्याने 'हा चित्रपट ओव्हररेटेड आहे' असे म्हटल्यास त्याचे मत खोडण्याची गरज नाही आणि त्याला टाळी देण्याचीही नाही. 'लोकांनी त्यात काय जास्त पाहिले आणि काय पाहायचे राहिले?' एवढे दोन प्रश्न त्याला विचारावेत. पहिल्याचे उत्तर त्याच्याकडे बहुधा तयार असते. दुसऱ्यासाठी त्याला चित्रपट पुन्हा पाहावा लागेल आणि तो पाहताना अध्यापकानेही त्याच्या शेजारी बसावे.