श्रद्धांजलीची भाषा : ‘हुतात्मा’ आणि ‘बळी’

दहशतवादी हल्ल्यात मरण पावलेल्यांचे राष्ट्रीय नेत्यांकडून होणारे स्मरण हा एक स्वतंत्र भाषिक प्रकार मानावयास हरकत नाही. त्याचे प्रसंग ठरलेले असतात, क्रियापदेही ठरलेली असतात. 13 डिसेंबर रोजी संसदेच्या प्रांगणात, 26 नोव्हेंबर रोजी मुंबईत पुष्पचक्रे वाहिली जातात, ‘भ्याड हल्ल्या’चा निषेध होतो आणि ‘शहिदांना’ अभिवादन केले जाते. ह्या भाषेचा विचार सहसा भावनेच्या अंगाने होतो. व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास मात्र तिच्यातील एक अडचण उघड होते, आणि ती केवळ शब्दांची अडचण नाही.

मराठीने ह्या प्रसंगासाठी दोन शब्द हाताशी ठेवले आहेत. ‘हुतात्मा’ हा त्यांपैकी तुलनेने नवा. तो सावरकरांनी रूढ केला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्याने आत्म्याची आहुती दिली तो हुतात्मा, असा हा बहुव्रीही समास आहे. म्हणजे अर्पणाचा कर्ता मृत व्यक्ती स्वतःच. ‘बळी’ हा शब्दही यज्ञाच्याच परिभाषेतला. परंतु मराठीत माणूस ‘बळी जातो’, ‘बळी पडतो’, किंवा हल्ला ‘बळी घेतो’. ह्यांपैकी एकाही रचनेत मरणाऱ्याच्या हाती काही नसते. एका शब्दात माणूस यजमान आहे, दुसऱ्यात पशू. ‘शहीद’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘साक्ष देणारा’. तोही कर्त्याचाच शब्द.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात 166 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत तुकाराम ओंबळे होते. हाती केवळ लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. येथे ‘हुतात्मा’ हा शब्द अक्षरशः लागू पडतो. त्याहून नेमका शब्द सापडणार नाही. पण त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत सामानावर टेकून बसलेल्या प्रवाशाने कसले अर्पण केले? त्याला गावी जावयाचे होते. वार्षिक भाषणांत ह्या दोघांनाही ‘प्राणार्पण केलेले’ म्हटले जाते, किंवा मग प्रवासी ‘निष्पाप नागरिक’ ह्या समूहवाचक पदात विरून जातो. 2001 च्या संसदेवरील हल्ल्यातही हेच दिसते. त्या दिवशी मरण पावलेल्या नऊ जणांत दिल्ली पोलीस होते, केंद्रीय राखीव दलाच्या कमलेश कुमारी होत्या, आणि एक माळीही होता. पंतप्रधान व विरोधी नेते वर्षातून एकदा एकत्र माना लववितात, तेव्हा ‘शहीद’ हा एकच शब्द सर्वांवर पांघरला जातो.

ह्यात औदार्य आहे, हे नाकारता येत नाही. माळ्याला शिपायाच्या पंक्तीस बसविणे ही माणुसकीच होय. (गमतीची गोष्ट अशी की, ‘शहीद’ अशी संज्ञा सेना वा पोलीस दलांत अधिकृतपणे वापरात नाही, असे संरक्षण व गृह मंत्रालयांनी 2017 मध्ये केंद्रीय माहिती आयोगास कळविले होते.) तथापि ह्या औदार्याची एक किंमत आहे. ज्याने प्राण ‘अर्पण’ केले, त्याचे रक्षण करण्यात कोणी कमी पडले काय, हा प्रश्न व्याकरणानेच बाद होतो. दात्यास का दिले, असे कोणी विचारीत नाही. ‘बळी’ म्हटले की मात्र घेणाऱ्याचा प्रश्न येतो, आणि न वाचविणाऱ्याचाही. मुंबईच्या हल्ल्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीपुढे हाच प्रश्न होता. चौकशीच्या भाषेला कर्ता लागतो. श्रद्धांजलीची भाषा तो टाळते. सत्तेवर असलेल्यांना दुसरी भाषा अधिक प्रिय असावी, ह्यात नवल नाही.

श्रोता बदलला की ही भाषा किती चटकन बदलते, त्याचे उदाहरण अलीकडचे आहे. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाम येथे 26 जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातील सहा. दोन दिवसांनी बिहारमधील मधुबनी येथील सभेत पंतप्रधानांनी मृतांसाठी मौन पाळावयास लावले, हिंदीत भाषण केले आणि मध्येच ते इंग्रजीकडे वळले. शोक देशाच्या भाषेत होता, इशारा जगाच्या. मृतांना उद्देशून त्यांतले कोणतेच वाक्य नव्हते. तसे ते अशा भाषणांत क्वचितच असते.

हिंगोली जिल्ह्याच्या वाचकाला हा प्रश्न मुंबई-दिल्लीपुरता वाटण्याचे कारण नाही. बसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयाच्या नावात हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्मा बहिर्जी शिंदे ह्यांची स्मृती आहे. शस्त्र हाती घेऊन लढलेल्या माणसासाठी तो शब्द योग्यच. 17 सप्टेंबरच्या ध्वजवंदनात त्याचा उच्चार दरवर्षी होतो. परंतु रझाकारांच्या धाडीत जे शेतात वा घरात मारले गेले, ते लढवय्ये नव्हते. त्यांच्यासाठी भाषणांत वेगळे पद नाही. पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचारात मारल्या गेलेल्या मुसलमानांसाठी तर ते मुळीच नाही. सुंदरलाल समितीने हैदराबाद संस्थानातील त्या मृतांचा अंदाज 27,000 ते 40,000 असा दिला होता, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत शेजारचे नांदेड होते. स्मारकाच्या भाषेला दोनच कप्पे असल्यामुळे तिसऱ्या प्रकारचा मृत माणूस तिच्यात बसत नाही.

मराठवाड्याच्या बोलीने ह्यावर स्वतःचा मार्ग काढलेला आहे. ‘रझाकारात मारला’, ‘पोलीस ॲक्शनमध्ये गेला’ असे जुनी माणसे म्हणत आली. येथे संघटनेचे व कारवाईचे नाव काळाचे नाव झाले असून त्याला सप्तमी लागली आहे, जशी ती दुष्काळाला किंवा प्लेगाला लागते. मारणारा त्यात सांगितलेला नाही, अर्पणही नाही. क्रियापद मात्र ‘मारला’ असेच राहिले आहे.